कातडीत दडलेला तंतू: पायाच्या बुरशीची सूक्ष्मदर्शकाखाली पारख

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या शिवारात आषाढ-श्रावणाची झड लागली, म्हणजे कपाशीत आणि मक्यात खुरपणीला उतरलेल्या माणसांचे पाय सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओल्या मातीत राहतात, आणि आठ-पंधरा दिवसांत घरोघर चिखल्यांची तक्रार ऐकू येऊ लागते. पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधील बेचकीत कातडी पांढरट, ओलसर होऊन सुटू लागते, भेगेतून लस येते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर अशी खाज सुटते, की दिवसभर राबलेल्या माणसालाही झोप लागत नाही. कोणी मेंदी वाटून लावतो, कोणी खोबरेल तेल चोळतो, कोणी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून मलमाची एक नळी घेऊन येतो. येथपर्यंत कोडे काही नाही; कोडे आहे ते यापुढे. एकाच घरातील सासू आणि सून एकाच नळीतील मलम लावतात. सासूचा पाय आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो, आणि सुनेची खाज मात्र चार दिवस थांबल्यासारखी वाटून पुन्हा दुप्पट जोमाने तळव्यावर आणि घोट्याकडे पसरते. शेत तेच, पाणी तेच, मलमही तेच. मग परिणामात एवढी तफावत का पडावी?

याचे उत्तर नुसत्या डोळ्यांनी पाय न्याहाळून पुष्कळदा मिळत नाही. ते मिळते नखाच्या टोकावर मावेल एवढ्या कातडीच्या खरवडीत, एका काचपट्टीवर, पोटॅशच्या एका थेंबाखाली. ही तपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे, तिचा निकाल बहुधा त्याच दिवशी हाती येतो, आणि तरीही ती फारच थोड्यांची होते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. म्हणूनच तिचे अंतरंग येथे सविस्तर उलगडून दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

दिसणे एक, कारणे अनेक

बेचकीतील पांढरी, भिजलेली कातडी ही केवळ एक अवस्था आहे, रोगाचे नाव नव्हे. तिच्या मुळाशी त्वक्कवक असू शकते. त्वक्कवक म्हणजे कातडी, केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाची बनलेली असतात, त्या केराटिनवरच उपजीविका करणारी बुरशी. अंगावरचे गजकर्ण ज्या कुळातील बुरशीमुळे होते, त्याच कुळातील ही. पण तिच्याऐवजी कँडिडा नावाचे किण्व तेथे वाढलेले असू शकते, आणि बुरशी मुळीच नसून कॉरिनेबॅक्टेरियम या जातीचे जिवाणूही तसेच चित्र उभे करू शकतात. तळव्यावर बारीक बारीक खड्डे पडून घाण वास येत असेल, तर तोही प्रकार जिवाणूंचाच असतो. याखेरीज रबरी चपलेची किंवा सिमेंटमधील क्रोमियमच्या क्षारांची ॲलर्जी, इसब आणि सोरायसिस हे विकार तर कोणत्याही जंतूंवाचून पायाची कातडी लाल, खवल्यांची आणि खाजरी करून सोडतात.

यांपैकी प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. बुरशीवरचे औषध इसबावर निरुपयोगी ठरते, आणि इसब शमवणारे स्टेरॉइडयुक्त मलम बुरशीवर लावले, तर शरीराचा प्रतिकार तेवढ्या जागी मंदावून बुरशीला मोकळे रान मिळते. आपल्या उदाहरणातील सासू-सुनेचे पाय दिसायला सारखे असले, तरी विकार एकच होता असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ नुसते पाहून बरेचसे अचूक अनुमान करतो, हे खरे. परंतु अनुमान आणि प्रमाण यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्याचे साधन प्रयोगशाळेत आहे.

बुरशी राहते कुठे

आपली त्वचा थरांची असते. तळाच्या जिवंत थरातील पेशी वर सरकत सरकत केराटिनने भरतात, मरतात, चपट्या होतात आणि अखेर सूक्ष्म कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. हा प्रवास साधारणपणे चार आठवड्यांचा असतो. सर्वांत वरच्या या मृत थराला शृंगस्तर म्हणतात, आणि तो शरीरात इतर कोठेही नसेल इतका जाड तळपायावर असतो. त्वक्कवक याच मृत थरात वास्तव्य करते. केराटिन पचवणारे विकर ते बाहेर सोडते आणि पेशींच्या चपट्या थरांमधून आपले बारीक तंतू आडवे पसरवत जाते. जिवंत थरात मात्र ते सहसा उतरत नाही, कारण रक्तद्रवातील काही घटक, विशेषतः लोहाला घट्ट धरून ठेवणारी प्रथिने, त्याची वाढ तेथे रोखून धरतात. खाज, लाली आणि फोड हे बव्हंशी शरीराने वरच्या या आक्रमणाविरुद्ध खालून दिलेले उत्तर असते.

यात निदान करणाऱ्याच्या दृष्टीने एक मोठी सोय दडलेली आहे. क्षयाचा जंतू फुप्फुसात असतो, हिवतापाचा रक्तात असतो. पायाच्या बुरशीचा तंतू मात्र ज्या थराला वेदनेची जाणीवच नाही अशा सर्वांत वरच्या थरात असतो, आणि म्हणून तो सुई न टोचता, रक्त न काढता, केवळ हलकेच खरवडून हाती लागतो.

खरवड घेण्याची कला

तपासणीचे निम्मे यश सूक्ष्मदर्शकापाशी पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते. प्रथम जागा अल्कोहोलने पुसून घेतात, म्हणजे मलमाचा तेलकटपणा, धूळ आणि पृष्ठभागावरचे जिवाणू निघून जातात. नंतर बोथट पात्याने किंवा पात्याच्या बोथट कडेने कातडीचे कोरडे पापुद्रे खरवडून घेतात. कोठून खरवडायचे, याला विशेष महत्त्व आहे: बुरशीचा डाग बाहेरच्या बाजूला वाढत जातो, त्यामुळे ताजे, जोमदार तंतू डागाच्या मध्यभागी नसून त्याच्या वाढत्या कडेला असतात. बेचकीत सर्वस्वी भिजून सुटलेला पांढरा लगदा काढून टाकून त्याखालची व कडेची कातडी घेणे बरे, कारण लगद्यात जिवाणूंचीच गर्दी फार असते. पायावर पाण्याचे फोड आले असतील, तर फोडातील पाणी निरुपयोगी. फोडाचे छत कापून घ्यावे लागते, कारण तंतू त्या छताच्या आतल्या बाजूला असतात.

खरवड काळ्या कागदावर घेऊन त्याची पुडी बांधतात. कागद काळा यासाठी, की त्यावर पांढरे पापुद्रे स्पष्ट दिसावेत. आणि बाटलीऐवजी कागद यासाठी, की बंद बाटलीत ओल साठून जिवाणू माजतात, तर कोरड्या कागदात त्वक्कवक आठवडेच काय, महिनोनमहिने जिवंत राहू शकते. देवगावात घेतलेली पुडी दोन दिवसांनी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत पोहोचली, तरी तिच्यातील पुरावा जसाच्या तसा शाबूत असतो. रक्ताच्या वा लघवीच्या नमुन्याविषयी असे निर्धास्तपणे म्हणता येत नाही.

पोटॅशचा थेंब काय करतो

खरवड जशीच्या तशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर काही दिसत नाही. केराटिनने भरलेल्या अपारदर्शक पेशींच्या ढिगात तंतू झाकून गेलेले असतात. म्हणून काचपट्टीवर दाहक पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, 10 ते 20 टक्के द्रावणाचा एक थेंब टाकून त्यात ती खरवड मिसळतात आणि वरून पातळ आच्छादक काच ठेवतात. प्रयोगशाळेच्या व्यवहारात हीच ती ‘केओएच टेस्ट’.

मराठवाड्यातील वयस्कर शेतकऱ्याला अंबाडीचा वाख काढण्याची रीत ठाऊक असते: अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या, की काही दिवसांत सालीतील मऊ भाग कुजून सुटतो आणि चिवट वाख तेवढा हाती उरतो. काचपट्टीवर पोटॅश याच प्रकारचे काम काही मिनिटांत उरकते. केराटिन हे प्रथिन आहे, आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जखडलेल्या असतात. तीव्र अल्क हे बंध तोडते, पेशींना सांधणारा स्निग्ध पदार्थ विरघळवते, आणि एकेक पेशी फुगून, पातळ होऊन काचेइतकी पारदर्शक बनते. बुरशीच्या तंतूची भित्तिका मात्र प्रथिनाची नसून मुख्यतः कायटिन आणि ग्लुकान या दीर्घ शर्करासाखळ्यांची असते. खेकड्याचे कवच आणि कीटकांचे पंख ज्या कायटिनने बनलेले असतात, तेच हे कायटिन. पोटॅशच्या पहिल्या माऱ्याला ते दाद देत नाही, म्हणून पेशी विरघळल्या तरी तंतू उभे राहतात. फार वेळ गेला, तर तेही झिजतात. त्यामुळे योग्य वेळी पाहणे हा या विद्येचा भाग आहे. कातडीच्या खरवडीला दहा ते वीस मिनिटे पुरतात. काचपट्टी ज्योतीवरून हलकेच फिरवली, तर काम लवकर होते, पण द्रावण उकळू देता कामा नये, कारण उकळल्यास पोटॅशचे स्फटिक तयार होऊन सगळे दृश्यच बिघडते. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रव्य पोटॅशमध्ये मिसळल्यास उष्णतेची गरजच उरत नाही.

पारदर्शकात पारदर्शक शोधणे

आता खरी कसोटी सुरू होते. कारण पेशी पारदर्शक झाल्या असल्या, तरी त्वक्कवकाचा तंतूही रंगहीन आणि पारदर्शकच असतो. त्याची रुंदी साधारण 2 ते 4 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यांतील दोन ते चार भाग. मनुष्याची तांबडी रक्तपेशीसुद्धा सुमारे 7 मायक्रॉन रुंद असते. असा तंतू भगभगीत प्रकाशात हरवून जातो. यास्तव तंत्रज्ञ प्रकाशाचा झरोका बारीक करतो, काचपट्टीखालचे भिंग किंचित खाली घेतो, आणि प्रकाश मंद झाला, की तंतूच्या कडा व त्याच्या सभोवतीचा द्रव यांच्यातील वक्रीभवनाचा फरक नजरेस उठून दिसू लागतो. प्रथम शंभरपट मोठे करून सगळी काचपट्टी सावकाश चाळायची, संशयास्पद काही दिसले की चारशेपट करून निरखायचे. आणि एकीकडे दृश्यकेंद्र मागेपुढे करीत राहायचे, असा क्रम असतो.

खऱ्या तंतूची ओळख तीन गोष्टींवरून पटते. त्याची रुंदी आरंभापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखी असते. त्याला आडवे पडदे आणि फांद्या असतात. आणि तो पेशींच्या सीमा न जुमानता त्यांच्यावरून आरपार निघून जातो. कधी कधी हे तंतू तुटून चौकोनी तुकड्यांच्या माळा बनतात. त्या बहुधा जुन्या, मुरलेल्या विकारात आढळतात. याउलट कँडिडा असेल, तर गोलसर, कोंब फुटलेली किण्वे आणि त्यांच्या लांबट साखळ्या दिसतात.

नवख्याची फसगत करणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. त्वचेतील कोलेस्टेरॉल पेशींच्या कडांवर साचून जाळीसारखी नक्षी तयार करते, आणि एकेकाळी ती नक्षीच बुरशी समजली जात होती. पण ती पेशींच्या कडांना चिकटून वळणे घेते, आरपार जात नाही, म्हणून पारखी नजरेला फसवू शकत नाही. हवेचे बुडबुडे, मलमाचे थेंब आणि पोटॅशचे स्फटिक हे याच वर्गातले. परंतु आपल्या भागात सर्वांत मोठा तोतया म्हणजे कापसाचा तंतू. मोज्यातून, फडक्यातून, रुईच्या बोळ्यातून आणि वेचणीच्या हंगामात तर हवेतूनसुद्धा कापूस काचपट्टीवर येतो. तो बुरशीच्या तंतूपेक्षा कितीतरी रुंद असतो, त्याला पडदे नसतात आणि तो चपट्या फितीसारखा मध्येच पीळ खातो. हे फरक ज्याने दहा वेळा जाणून पाहिले, त्याची चूक होत नाही, आणि ज्याने पाहिले नाहीत, त्याच्या हातून निरोगी माणसाला बुरशीचा दाखला मिळतो.

कापडासाठी घडलेले रंग

पारदर्शक तंतू शोधण्याचा हा शीण कमी करण्यासाठी रंगांचा उपयोग सुरू झाला, आणि येथे या विषयाचा सर्वांत मनोरम भाग येतो. साधा उपाय म्हणजे पोटॅशमध्ये फाउंटन पेनची निळी-काळी शाई मिसळणे. पार्करची शाई या कामासाठी जगभर वापरली गेली. त्याहून नेमका रंग म्हणजे क्लोरॅझॉल ब्लॅक ई. हा मुळात सुती कापड काळे करण्याचा रंग. तो कायटिनला चिकटतो, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर बुरशीचे तंतू हिरवट-काळे उठून दिसतात. तो बेंझिडीन कुळातील असल्याने कर्कजनक मानला जातो, आणि म्हणून हातमोजे घालूनच हाताळावा लागतो.

सर्वांत तेजस्वी साधन म्हणजे कॅल्कोफ्लोर व्हाइट, जे 1984 च्या सुमारास वैद्यकीय कवकशास्त्रात रुजू झाले. तेही वस्त्रोद्योगातूनच आले: कापड आणि कागद अधिक शुभ्र दिसावेत म्हणून वापरले जाणारे हे द्रव्य अदृश्य अतिनील किरण शोषून घेते आणि त्याच्या बदल्यात दृश्य निळसर प्रकाश बाहेर टाकते. अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते लावलेली काचपट्टी ठेवली, की काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीचे तंतू निळसर-शुभ्र किंवा हिरवट उजळून निघतात, आणि दोन-चार तंतू असलेला नमुनासुद्धा हातातून निसटत नाही.

कापडासाठी घडवलेला रंग बुरशीला का चिकटावा, हा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडला असेलच. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची एका विशिष्ट धाटणीने जोडलेली सरळ, लांब साखळी. कायटिनही त्याच धाटणीने जोडलेली साखळी आहे. फरक एवढाच, की तिच्या प्रत्येक कणाला नायट्रोजन असलेला एक छोटा गट जोडलेला असतो. वस्त्रोद्योगातील रसायनज्ञांनी वर्षानुवर्षे खपून असे रेणू शोधले, की जे सरळ साखळीला लगटून बसतील आणि धुतले तरी सुटणार नाहीत. आणि मनुष्याच्या शरीरात सेल्युलोज वा कायटिन मुळीच नसल्यामुळे तेच रेणू कातडीकडे दुर्लक्ष करून नेमके बुरशीला शोधतात. अर्थात याच कारणाने कापसाचा तो तोतया तंतूही कॅल्कोफ्लोरखाली तितक्याच दिमाखात उजळतो. यंत्र सुधारले म्हणून पाहणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

नखाची निराळी कैफियत

पायाचे नख जाड, पिवळे, ठिसूळ झाले, की त्याला बुरशी लागली असे सर्रास म्हटले जाते; वस्तुतः अशा विकृत नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते, बाकीच्यांत सोरायसिस, जुनी इजा, घट्ट पादत्राण किंवा वार्धक्य कारणीभूत असते. पायाच्या नखातील बुरशीसाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. एवढा दीर्घ आणि खर्चाचा उपचार खात्रीवाचून सुरू करणे मला सर्वथा अनुचित वाटते. नखाच्या टोकाची कात्रण या कामी फारशी उपयोगी नाही. नखाखालचा भुसा, आणि तोही शक्य तितक्या मुळाकडचा, घ्यावा लागतो. येथे पोटॅश 20 ते 40 टक्के तीव्रतेचे लागते आणि ते कित्येक तास, प्रसंगी रात्रभर मुरू द्यावे लागते. तरीही काही सापडले नाही, तर नखाची कात्रण ऊतिविभागाकडे पाठवून पीएएस या पद्धतीने रंगवतात. त्यात कवकतंतू किरमिजी रंगाचे दिसतात.

मुंबई, सातारा आणि डॉ. कार्टर

पायातील बुरशी सूक्ष्मदर्शकाने ओळखण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मानाचे आहे. सूक्ष्मजीवांमुळे रोग होतात हे जगाला प्रथम शिकवले ते बुरशीनेच: 1835 मध्ये अगोस्तिनो बासी यांनी रेशमाच्या किड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले, आणि 1841 मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी डोक्यातील खवड्याच्या एका प्रकारात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली. क्षयाचा जंतू कॉख यांना सापडला तो 1882 मध्ये, म्हणजे यानंतर चार दशकांनी.

शरीररचनाशास्त्रावरील ग्रे यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ 1858 मध्ये निघाला. त्यातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, आणि पुढे सातारा येथे सिव्हिल सर्जन म्हणून त्यांनी कित्येक वर्षे काढली. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला काटा मोडतो, जखम भरते, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी पाय सुजून त्यावर छिद्रे पडतात व त्यांतून पुवाबरोबर खसखशीएवढे काळे किंवा पांढरट कण बाहेर येतात, असा एक भयंकर विकार त्यांच्या नजरेस आला. मदुरा येथील दवाखान्यातून 1842 मध्ये त्याचे वर्णन झाले होते आणि म्हणून ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ होते. ते काळे कण कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि ते रक्ताचे वा हाडाचे नसून बुरशीच्या तंतूंची घट्ट गुंफण आहे हे ओळखले. रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच दिले, आणि 1874 मध्ये त्यावर स्वतः काढलेल्या चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. त्वक्कवक वरच्या मृत थरात थांबते. ही बुरशी मात्र मांसात आणि हाडात शिरते.

पुढील संशोधनात आणखी एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. काही कण बुरशीचे असतात, तर काही तंतूसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचे. पोटॅशमध्ये चिरडलेल्या कणात तंतूंची रुंदी 2 ते 5 मायक्रॉन भरली, तर बुरशी. 1 मायक्रॉनहून अधिक नसली, तर जिवाणू. जिवाणूंचा प्रकार प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. बुरशीच्या प्रकारात दीर्घकाळ औषध आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही लागते. पाय राहणार की जाणार, याचा निर्णय अशा रीतीने काही अंशी तंतूच्या रुंदीवर अवलंबून असतो. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला.

चौकट: नमुना देण्यापूर्वी

• तपासणीपूर्वी निदान एक-दोन आठवडे पायाला बुरशीनाशक मलम लावू नये. लावले असल्यास नाव लपवू नये, नळी सोबत न्यावी.
• पाय स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून जावे. तेल, पावडर, मेंदी लावू नये. मेंदीच्या रंगाखाली कातडीची लाली डॉक्टरांना दिसत नाही.
• खरवडताना दुखत नाही आणि भूल लागत नाही.
• निकाल ‘नाही’ आला, तरी लक्षणे टिकून राहिल्यास पुन्हा नमुना द्यावा. खरवड अपुरी असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.
• मधुमेह असल्यास बेचकीतील भेगेकडे दुर्लक्ष करू नये. तिच्यातून जिवाणू शिरून सगळा पाय सुजू शकतो.

जेथे मलम पुरावा झाकते

गेल्या काही वर्षांत भारतात त्वक्कवकाचे विकार हट्टी झाले आहेत. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीवाचून मिळत आणि लावली जात आली. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज झपाट्याने ओसरते, डागाची कडा पुसट होते, माणूस बरे वाटले म्हणून मलम थांबवतो, आणि खाली बुरशी निर्वेधपणे वाढत राहते. 1968 मध्येच या झाकलेल्या विकाराचे स्वतंत्र वर्णन वैद्यकीय वाङ्मयात झाले होते. अशा पायाकडे पाहून डॉक्टरही बुचकळ्यात पडतो, पण सूक्ष्मदर्शक पडत नाही: प्रतिकार मंदावलेला असल्याने खरवडीत तंतूंची रेलचेल असते. लावण्याची स्टेरॉइडे 2018 मध्ये चिठ्ठीवाचून न विकण्याच्या औषधांच्या अनुसूचीत घातली गेली. त्या हुकुमाची अंमलबजावणी खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत काटेकोरपणे झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. काचपट्टीवर तंतू दिसतो, पण तो कोणत्या जातीचा हे कळत नाही, कारण सगळ्या त्वक्कवकांचे तंतू कातडीत सारखेच दिसतात. जात ओळखायची, तर खरवड साबुरो यांच्या नावाच्या पोषक माध्यमावर पेरून चार आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. मग ट्रायकोफायटन रुब्रमची वसाहत खालून द्राक्षासवासारखी लाल दिसते, मेंटाग्रोफायटीसचे काही तंतू स्प्रिंगसारखे वेटोळे घेतात, आणि कॉटन ब्ल्यू या रंगात त्यांचे बीजाणू न्याहाळून निश्चिती होते. 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेली, पुष्कळदा टर्बिनाफिनला न जुमानणारी जात तर केवळ तिच्या जनुकांवरूनच खात्रीने वेगळी करता येते. म्हणून बुरशी आहे हे सिद्ध होऊनही औषध लागू पडत नसेल, तर पुढची तपासणी मोठ्या संस्थेतच करावी लागते. 1956 मध्ये स्थापन झालेले छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, हे आपल्या जिल्ह्यातील असे ठिकाण.

पहिली पायरी मात्र एवढ्या दूर असण्याचे काही कारण नाही. क्षयाचा बेडका आणि हिवतापाचा रक्तनमुना तपासण्यासाठी ग्रामीण रुग्णालयांत आणि अनेक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आहे, तो वापरणारा तंत्रज्ञही आहे. त्याच्या टेबलावर पोटॅशची एक बाटली, बोथट पाती आणि काळ्या कागदाचा गठ्ठा ठेवावा, आणि कापसाचा तंतू व बुरशीचा तंतू यांतील भेद त्याच्या नजरेत मुरेपर्यंत त्याला शिकवावे. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने ही तजवीज पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आणि वाचकांनी एवढे करावे, की पायाला खाज सुटली म्हणजे मलमाची नळी उघडण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन, खरवड तपासून घ्यायची का, हे विचारावे.